फाइन आसा

शुक्रवारी म्हापशात गाडी घेऊन जाऊ नये हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी गेले, कारण डॉक्टरांची वेळ शुक्रवारचीच मिळाली होती आणि बाबांना बसच्या गर्दीतून न्यायला मन धजेना. नोव्हेंबर तोंडावर आला होता. बाजाराची नेहमीची झुंबड होतीच, वर दोन तारखेच्या मृतांच्या दिवसासाठी मेणबत्त्या आणि फुलं घ्यायला आलेल्यांची भर. सुक्या बांगड्यांचा वास, चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, लालभडक माळा, झेंडूचे ढीग, आणि पांढऱ्या मेणबत्त्यांच्या जुड्या हातात धरून घासाघीस करणाऱ्या बायका. त्या सगळ्यातून वाट काढत मी स्कूटर वळवली ती नेमकी जिथून वळवायची नाही तिथून. समोर पोलीस. अगदी कोवळा पोरगा, मिशी नुकतीच ठरल्यासारखी. शिट्टीसुद्धा न वाजवता त्याने नुसता हात केला आणि जवळ येऊन शांतपणे म्हणाला, "वन-वे हो. फाइन आसा."

मागे बाबा बसले होते. डोक्यावर हेल्मेट, त्यातून कान आधीच अर्धे. त्यांना पुढचं काही ऐकू आलं नाही, शेवटचं तेवढं ऐकू आलं. त्यांचा चेहरा उजळला. "फाइन, फाइन!" ते म्हणाले. "तूं बरो मरे, पुता?"

पोरगा गडबडला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. मग हातातलं यंत्र किंचित खाली करून म्हणाला, "बरो आसां, अंकल." आणि पाचशे रुपयांची पावती फाडली. फाडली म्हणजे काय, आता फाडत नाहीत, यंत्रातून निघते. पण आमच्या तोंडून पावती अजून फाडलीच जाते. डिचोली येईपर्यंत बाबा खुशीत होते. कितलो बरो भुरगो, एवढ्या गर्दीत कोण कुणाची विचारपूस करतो, असं चाललं होतं. मी त्यांना काही सांगितलं नाही. घरी आल्यावर आईला सांगितलं, रात्री पर्वरीला परत जाऊन नवऱ्याला आणि लेकीला सांगितलं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं. सगळे पोट धरून हसले. सांगून सांगून किस्सा गुळगुळीत झाला, तेव्हा तो मला टोचायला लागला.

कारण त्याच्या अर्ध्याच तासापूर्वी डॉक्टरांनीही त्यांना विचारलं होतं, "काका, कसे आहात?" आणि तिथेही बाबा म्हणाले होते, "फाइन."

आई गेले तीन आठवडे मला फोनवर सांगत होती की रात्री ते झोपत नाहीत. दोन-अडीच वाजता उठून बाहेरच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, जाऊन बसतात, कधी कधी उजाडेपर्यंत. विचारलं तर म्हणतात, उकडतं. गणपती-दसरा होऊन गेला, पहाटे अंगावर चादर लागते, तरी यांना उकडतं. मी हे डॉक्टरांपुढे बोलायला गेले तर बाबांनी हाताने मला थांबवलं आणि हसून म्हणाले, "ती मायलेकरं काहीही सांगतात." डॉक्टर शहाणे होते. त्यांनी छाती नीट तपासली, पाठीवर बोटं वाजवून पाहिली, तपासण्या लिहून दिल्या. मला मात्र राग आला होता. तो राग घेऊनच मी गाडी वळवली असणार. म्हणजे त्या पाचशे रुपयांचं मूळही त्याच एका शब्दात होतं म्हणायचं.

तर हा शब्द. मी काही भाषेची पंडित नव्हे. आमच्या घरात भांडण कोंकणीत होतं, त्याची तक्रार मराठीत लिहिली जाते आणि तिचा निकाल इंग्रजीत येतो. त्यामुळे गोव्यातल्या कुठल्याही माणसाला शब्दांची जी सवय असते तेवढीच मला. पण हा शब्द माझ्या आयुष्यात शिरला तो इंग्रजी पुस्तकातून शिरला नव्हता. बाबांच्या शर्टावरून शिरला होता. बाबा खाणीच्या जेटीवर सॅम्पलर होते. टिपरमधून येणाऱ्या मातीचे नमुने घ्यायचे, ट्रेमध्ये वाळवायचे, चाळायचे, वजन करायचे, चिठ्ठी लावून प्रयोगशाळेत पाठवायचे. दहा मिलिमीटरच्या चाळणीवर जे राहतं ते लम्प्स आणि खाली पडतं ते फाइन्स. घरी आले की त्यांच्या कानाच्या पाळीमागे, नखांत, पाकिटातल्या नोटांच्या घडीतसुद्धा ती बारीक लाल माती असायची. आई धुणं वेगळं भिजवायची आणि बादलीतलं पाणी विटेच्या रंगाचं व्हायचं. "फाइन्स गो," बाबा म्हणायचे, "जायना तें." जात नाही ते. मी शाळेत जाण्याआधीच फाइन्स म्हणजे लाल माती हे मला पक्कं माहीत होतं. पुढे इंग्रजीच्या बाईंनी वर्गाला "हाउ आर यू" विचारायला आणि आम्ही एका सुरात "आय अॅम फाइन" म्हणायला सुरुवात केली, तेव्हा चाळीस पोरं आपण मातीचे आहोत असं एवढ्या आनंदाने का सांगतात, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

फाइन्सला पूर्वी मान नव्हता. मान लम्प्सना. बाबा ते फार छान समजावून सांगायचे. लोखंडाच्या भट्टीत खालून गरम हवा सोडतात, ती खड्याखड्यांच्या फटींतून वर चढली पाहिजे. बारीक माती थेट घातली तर फटी बुजतात, हवा अडते, भट्टीचा श्वास कोंडतो. म्हणून बारीक माती आधी भाजून तिचे खडे करावे लागतात, तेव्हा ती कामाची. हे सांगताना बाबा दोन्ही हातांचे पंजे एकमेकांत अडकवून फट कशी बुजते ते दाखवायचे. मग चीनची मागणी आली. आमच्याकडच्या हलक्या प्रतीच्या, कुणी ढुंकून न पाहिलेल्या फाइन्सना भाव चढला. रस्त्यावर टिपरच्या रांगा लागल्या, मांडवीत बार्जेस एकामागून एक मुरगावच्या दिशेने जायला लागल्या, गावात ज्यांच्याकडे सायकल नव्हती त्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले. झाडांची पानं लाल, अंगणातली तुळस लाल, आईचे पापडसुद्धा वाळत घालायची सोय राहिली नाही. बाबा निवृत्त झाले ते त्या भरतीतच. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. पानं हिरवी झाली. दारात उभे राहिलेले ट्रक गंजून तांबडे झाले. या दोन रंगांपैकी कुठल्या रंगाला चांगलं म्हणायचं, यावर आमच्या गावात अजून एकमत नाही आणि आमच्या घरात तर नाहीच नाही. आई म्हणते श्वास घेता येतो. बाबा गप्प राहतात.

सोनाराकडे हाच शब्द उलटा उभा आहे. आईच्या पाटल्या मोडून माझ्या लग्नात नव्या केल्या तेव्हा शेटनी तराजूवरून नजर न काढता सांगितलं होतं, "फाइन किती निघतंय ते बघून सांगतो." तिथे फाइन म्हणजे शुद्ध, हिणकस काढून टाकल्यावर उरलेलं. दागिन्यावरचा ९१६चा आकडा तोच हिशेब सांगतो, चोवीस भागांतले बावीस भाग सोनं, हजारात नऊशे सोळा. जेटीवर चाळणीतून गळून पडलेलं ते फाइन आणि मुशीत टिकून राहिलेलं तेही फाइन. बाबांना मी हे एकदा सांगितलं तर ते म्हणाले, "चाळण कुणाच्या हातात आहे त्यावर सगळं."

किस्सा टोचायला लागल्यावर मी एका रात्री कोश उघडून बसले. मुळाशी लॅटिनमधला 'फीनिस' निघाला. त्याचा अर्थ शेवट, आणि हद्द. शेताची, गावाची, देशाची कड. जिथे एक गोष्ट संपते ती रेघ. मग फ्रेंचांनी तो घेतला, आणि जे शेवटापर्यंत नेलं आहे, ज्यात आणखी काही करायचं राहिलेलं नाही, ते 'फँ', म्हणजे उत्तम. तेराव्या-चौदाव्या शतकापासून इंग्रजीत तो त्याच तोऱ्यात वावरतो आहे: उत्तम कापड, उत्तम पीठ. उत्तम कापड तलम असतं, उत्तम पीठ बारीक असतं, म्हणून फाइन म्हणजे तलम, फाइन म्हणजे बारीक. असा तो घरंगळत घरंगळत बाबांच्या चाळणीपर्यंत आला. फिनिश, फायनल, डिफाइन, कन्फाइन, रिफाइन हे सगळे त्याच घरातले. फायनान्ससुद्धा, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ येणं चुकतं करून व्यवहार संपवणं. हप्ते भरणाऱ्यांनी त्यावर हसावं की रडावं ते आपापलं ठरवावं. आणि आमच्याकडे पोर्तुगीजांबरोबर आलेले भाऊबंद वेगळेच. 'फीनु' म्हणजे बारीक, नाजूक. 'फीं' म्हणजे समाप्त. बाबा गोवा मुक्त झाला तेव्हा चौदा वर्षांचे होते, प्रिमेरू ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शिक्षण, झालेले, त्यामुळे त्यांना हे शब्द अजून आठवतात. दंडाला मात्र पोर्तुगीजमध्ये 'मुल्ता' म्हणतात. तो पोलीस 'मुल्ता आसा' म्हणाला असता तर बाबांनी मुकाट्याने खिशात हात घातला असता.

कोशातल्या त्या 'हद्द' शब्दापाशी मी थांबले. आमच्या घराला त्या शब्दाने पुरेसं छळलेलं आहे.

आमच्याकडे शेताच्या बांधाला मेर म्हणतात. आमचं मूळ घर, मागचा पोरस, त्यात एक फणस, दोन मानकुराद आंबे, अकरा माड आणि काकांचं घर. काकांनी वेगळं घर बांधलं तेव्हा मेर कुठून जाते यावरून जे सुरू झालं ते सोळा वर्षं पुरलं. भांडणाचा जीव केवढा, तर फणसाच्या बुंध्याएवढा. मेर फणसाच्या अलीकडून की पलीकडून? मापणीवाले आले, साखळी ओढली, खुंट्या ठोकल्या. रात्रीत खुंट्या हलल्या. दोघं भाऊ बोलेनासे झाले. फणस आपला दोन्हीकडे सारखा गळत राहिला, आणि कुणीच उचलला नाही म्हणून सडत राहिला. मे महिन्यात त्या सडक्या गोडसर वासाने डोकं उठायचं. पण चवथ आली की गणपती मूळ घरातच. मग काका शिडी धरायचे आणि बाबा वर चढून माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळाफुलांचं छत, बांधायचे. दोघांत एक शब्द नाही. नारळाची पेंड वर द्यायची, सुपारीचा घोस द्यायचा, दोरी द्यायची, सगळं मुक्याने. शिडी मात्र काकांनी कधी हलू दिली नाही. विसर्जन झालं की पुन्हा वकिलांच्या चिठ्ठ्या सुरू.

इंग्रजीत दंडाला फाइन का म्हणतात, तेही या मेरेच्याच वाटेने जातं. जुन्या इंग्लंडात जमीन एकाकडून दुसऱ्याकडे जायची असेल तर लोक एक नाटक करायचे. आतून सगळं ठरलेलं, तरी एकाने दुसऱ्यावर दावा लावायचा, आणि मग कोर्टासमोर तंटा मिटला म्हणून जाहीर करायचं. तंटा कायमचा संपला, म्हणून त्या तडजोडीला नाव 'फाइन'. एका चामडी कागदावर तोच मजकूर तीनदा लिहायचे, दोनदा वर शेजारी-शेजारी आणि एकदा खाली आडवा. मग तो नागमोडी रेषेत कापायचे, म्हणजे उद्या कुणी खोटा कागद आणला तर कडा जुळणार नाहीत. वरचे दोन तुकडे दोन्ही पक्षांना आणि तळातला तुकडा, ज्याला ते पाय म्हणायचे, कोर्टाच्या दप्तरात. ११९५ पासून हे पाय नीट जपून ठेवायला लागले आणि १८३३ साली कायदा करून ती पद्धत बंद केली तोवर जवळजवळ साडेसहाशे वर्षांचे पाय साठले. आजही ते लंडनमधल्या क्यूच्या अभिलेखागारात आहेत. तंटा मिटवण्यासाठी जी रक्कम मोजायची तीही फाइन म्हणवून घ्यायला लागली. हळूहळू तंटा मागे पडला, मिटवणं मागे पडलं, रक्कम तेवढी उरली. ती मी म्हापशात भरली.

आमच्याही कागदाच्या प्रती झाल्या होत्या. आजोबांच्या नावावरची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचा दावा, डिचोलीच्या कोर्टात वर्षानुवर्षं पडून होती. शेवटी दोन्ही बाजूंच्या वकिलांनी कंटाळून म्हणा, वय झालं म्हणून म्हणा, सहमतीचा कागद केला. फणस मेरेवरच ठेवायचा, फळं निम्मी-निम्मी. सोळा वर्षांनी हे! आजी पहिल्याच दिवशी हे म्हणाली होती आणि तिला दोघांनी गप्प बसवलं होतं. जुन्या पोर्तुगीज दस्तात आजोबांच्या वडिलांच्या नावाआधी 'फिनादु' असं लिहिलेलं होतं. मी लहान असताना मला ती पदवी वाटायची, डॉक्टर किंवा भाटकार (जमीनदार) यासारखी. अर्थ विचारल्यावर बाबा म्हणाले, "संपलेला." कैलासवासी नव्हे, देवाघरी गेलेला नव्हे, नुसता संपलेला. त्याच 'फीनिस'चा नातू. दोन नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाला पोर्तुगीजमध्ये फिनादु मंडळींचाच दिवस म्हणतात, आणि म्हापशाच्या बाजारात त्या शुक्रवारी ज्या मेणबत्त्या विकल्या जात होत्या त्या या संपलेल्यांसाठी होत्या. मेणबत्तीतलं ते मेण म्हणजे पॅराफिन, आणि गंमत बघा, शब्दाच्या शेपटीला इथेही तोच. १८३० मध्ये एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो पदार्थ वेगळा काढला; हा कुणाशी फारसा मिसळत नाही, कुणाशी सोयरीक करत नाही, म्हणून लॅटिनमधले 'कमी' आणि 'आफीनिस' हे शब्द जोडून त्याचं नाव ठेवलं. आफीनिस म्हणजे ज्याची हद्द आपल्या हद्दीला लागून आहे तो. शेजारी. आणि लग्नसंबंधाने जोडलेला सोयराही. ज्याच्याशी मेर लागते तो आपला, असा त्या लोकांचा हिशेब दिसतो. आमच्याकडे ज्याच्याशी मेर लागते त्याच्यावर आधी दावा लागतो.

आता आपल्याकडचं. इंग्रजी शब्दाची एवढी झाडाझडती घेतल्यावर 'बरा' या शब्दाला सोडून चालणार नाही, कारण बाबांनी त्या पोलिसाला विचारलं ते याच शब्दाने. 'बरा' संस्कृत 'वर'मधून आला असं मानतात. वर म्हणजे निवडलेला, उत्कृष्ट. देव प्रसन्न झाला की देतो तो वर, आणि मांडवात घोड्यावरून येतो तोही वर. तोच पुढे 'बरा' होतो, याला लग्नानंतर साधारण किती वर्षं लागतात ते ज्याने त्याने आपल्या घरी मोजावं. संतांच्या ओव्या-अभंगांत बरवा म्हणजे देखणा, डोळ्यांना सुख देणारा. आपल्या तोंडी येईपर्यंत त्याची पार रया गेली. "सिनेमा कसा होता?" "बरा होता." म्हणजे पैसे वाया गेले. "मुलगी कशी आहे?" "बरी आहे." म्हणजे पुढचं स्थळ बघा. आणि "बरं नाही" म्हटलं की तर थेट अंथरूण. उत्तम या अर्थाने निघालेला शब्द 'चालतंय' पाशी येऊन बसतो, ही गोष्ट इंग्रजीत झाली तशी आपल्याकडेही झाली, एकमेकांना न विचारता. कोंकणीने मात्र एका जागी त्याचं जुनं तेज राखलं आहे. आभार मानायचे तर आम्ही म्हणतो, "देव बरें करूं." तिथला 'बरें' काठोकाठ भरलेला असतो. पेज घेतलेली कामकरी बाई वाटी उपडी घालताना म्हणते तेव्हा ऐकावा.

लेकीला मी हे सगळं ऐकवलं. ती तेरा वर्षांची आहे आणि तिच्या मते आईला रात्री झोप लागत नाही हा आईचा प्रश्न आहे. वर म्हणाली, "आजोबा फाइन म्हणाले तर म्हणू दे ना. तूपण म्हणतेस." मी कधी म्हणते? तर म्हणे, बाबाशी भांडलीस की. ते खरं आहे. आमच्या घरात "फाइन" या शब्दानंतर दार लागतं. तिचंही लागतं. अभ्यास कर म्हटलं की "फाइन!" आणि धाड. त्यात होकार असतो, नकार असतो, आणि यापुढे एक पाऊल टाकू नका अशी ताकीद असते. लॅटिन लोकांनी शेताच्या कडेला दगड रोवून जे सांगितलं तेच माझी लेक दाराच्या कडीने सांगते. बाबांना दार लावायची गरज नाही. ते हसून म्हणतात, आणि आपण बाहेरच उभे आहोत हे अर्ध्या रस्त्यात कळतं.

मी त्यांना ओरडून विचारायचं ठरवूनच पुढच्या शनिवारी गावी गेले. तपासण्यांचे कागद आले होते. हृदय थकलंय, फुप्फुसांपाशी पाणी धरायला लागलंय, म्हणूनच आडवं झालं की दम लागतो, असं डॉक्टरांनी मला समजावलं होतं. गोळ्या बदलून दिल्या होत्या, मीठ तोडायला सांगितलं होतं. मीठ तोडायचं म्हणजे आमच्याकडे सुकं बंद, लोणचं बंद, कढीतली सोलंही बेतानेच. हे बाबांना कोण सांगणार, यावर आई आणि मी स्वयंपाकघरात कुजबुजत होतो. संध्याकाळ झाली होती. बाहेर पोरसात पाचोळा जळत होता आणि त्याचा धूर सरळ वर न जाता फणसाच्या खाली अडकला होता. बाबा गडग्यापाशी उभे होते. पलीकडे काका माडाच्या आळ्यात पाणी सोडत होते. कागद झाल्यापासून दोघं बोलतात, पण हिशेबाचं. पाडेली (नारळ पाडणारा) आलो? माडांना इतके पडले. पावस कसो? असो.

"कसो आसा?" काकांनी विचारलं. नळीवरून मान वर न करता.

माझ्या मनात उत्तर आधीच वाजून गेलं होतं. आईने कांदा चिरता चिरता सुरी थांबवली, म्हणजे तिच्याही मनात वाजलं असणार. पण बाबा बोलेनात. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मग ते म्हणाले, "राती न्हिदूंक जायना रे." थांबले. "आडवो पडल्यार भंय दिसता."

भीती वाटते. बावन्न वर्षांच्या संसारात आईने हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. तिने नंतर मला तसं सांगितलं, आणि सांगतानासुद्धा थोडी रुसल्यासारखी होती. तिला नाही सांगितलं, मला नाही सांगितलं, पैसे मोजून ज्यांच्यासमोर बसलो त्या डॉक्टरांना नाही सांगितलं. ज्याच्यावर सोळा वर्षं खटला चालवला त्याला सांगितलं, फणसाच्या बुंध्यावर हात टेकून.

काकांनी नळी खाली टाकली. पाणी तसंच वाहत राहिलं, आळ्याबाहेर, मेरेखालून आमच्याकडे. "मागीर उलो मार न्ही म्हाका, दादा," ते म्हणाले. "हांव जागोच आसतां." हाक मार ना मला, मी जागाच असतो.

"तूं किद्याक जागो?"

काका काही बोलले नाहीत. खांदे उडवल्यासारखं केलं असावं. अंधार पडत होता, नीट दिसलं नाही. मग म्हणाले, "पळय." बघ.

त्या रात्री मी तिथेच राहिले. अडीचच्या सुमारास बाहेरच्या खोलीतली कदेल करकरली. मी उठले नाही. थोड्या वेळाने पोरसाच्या पलीकडे, काकांच्या पडवीतला दिवा लागला, आणि शहाबादी फरशीवरून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला.